एकाच नक्षीकागदातून नाताळचं भेटकार्ड आणि फोटो-अल्बम : घरच्या घरी करायची सविस्तर कृती

नाताळचं कार्ड करायला बसलं की हात आधी चमकी, टिकल्या आणि रंगीत पेनांकडे जातो. माझा आग्रह उलटा आहे. आधी कागद हातात घ्या, वाकवून बघा, उजेडासमोर धरा. त्याला काय झेपेल ते कळलं की मग चित्राचा विचार करा. कार्ड चार दिवसांत वाकडं होतं, घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसते, अल्बमचं कव्हर मिटतच नाही. सजावट कितीही सुंदर असली तरी हे दोष झाकले जात नाहीत, कारण त्यांचं मूळ कागदाच्या निवडीत आणि तो कापण्याच्या दिशेत असतं.

इथे दोन वस्तूंची कृती देते आहे : टपालाने पाठवता येईल असं छोटं घडीचं कार्ड, त्याच्या पाकिटासह, आणि बारा पानांचा शिवलेला फोटो-अल्बम. दोन्हींना नक्षीचा कागद एकच. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कार्ड जाईल, घरातल्या आजी-आजोबांच्या हातात नाताळच्या दिवशी अल्बम पडेल, आणि दोन्ही वस्तू एका घरातल्या आहेत हे पाहताक्षणी कळेल.

सुरुवात तुळशीचं लग्न झालं की करावी. कार्डं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरी व्हावीत आणि दुसऱ्या आठवड्यात पेटीत पडावीत. अल्बमला हातकाम कमी आणि वाळण्याचा वेळ जास्त लागतो, म्हणून तो कार्डांच्या मधल्या वेळात होऊन जातो.

नक्षीचा कागद कुठून आणायचा

आपल्या सोलापुरात नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानांतून कार्डशीट, घोटीव कागद, पतंगाचा कागद, सोनेरी कागद, जिलेटिन आणि भेटवस्तूंचे छापील कागद सहज मिळतात. यातला भेटवस्तूंचा कागद दिसायला मोहक, पण पातळ असतो आणि गोंद लागला की लगेच सुरकुततो. तो लहान तुकड्यांसाठीच ठेवा. घोटीव कागदाला एका बाजूने रंग आणि मागून पांढरा असतो, त्यामुळे कडेची पांढरी रेघ दिसते. ती नको असेल तर कात्रीने कापल्यावर कडेवरून त्याच रंगाची पेन्सिल हलकेच फिरवा.

लग्नपत्रिका हा माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत चांगला आणि फुकटचा नक्षीकागद. जाड, वेलबुट्टीचा, सोनेरी छपाईचा, कधी मखमली उठावाचा. पत्रिकेवर देवाचं चित्र किंवा मंगलवचन असेल तो भाग कापू नका. तो आदराने बाजूला ठेवून फक्त वेलबुट्टीचा भाग वापरा. पाठवणाऱ्या घरच्यांची नावंही दिसू देऊ नयेत.

हातकागद हा मात्र पैसे खर्चून घ्यावा असा कागद आहे. आपल्याकडे तो बहुतेक सुती कापडाच्या चिंध्यांपासून, होजिअरीच्या कातरणांपासून होतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर हातकागदाचं काम कित्येक शतकांचं. सुती धाग्यांचा कागद टिकाऊ असतो, कारण वर्तमानपत्राच्या कागदाला पिवळं पाडणारं लाकडातलं लिग्निन त्यात नसतं. सुतावर जगलेल्या सोलापुरात नाताळचं कार्ड सुताच्याच कागदाचं असावं, असं मला मनापासून वाटतं. त्यावर शाईचं पेन मात्र पसरतं. लिहायचा भाग वेगळा ठेवा, तो कसा ते पुढे येईल.

आणखी एक वस्तू आपल्याच शहरात सापडते : जकार्डचे पत्ते. चादरीवर मोर, वेल किंवा चौकडा उठतो तो मागावरच्या या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमुळे. कुठला धागा उचलायचा ते भोकं ठरवतात. ओळखीच्या कारखान्यात जुने, बाद झालेले पत्ते असतील तर विचारून दोन-चार मागून घ्या. त्यांचा उपयोग कार्डात सांगते. त्यांना तेल-धुळीचा हात लागलेला असतो, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि अल्बमच्या आत, फोटोजवळ ते कधीच वापरू नका.

वजन आणि दिशा

दुकानात कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा. नक्षीसाठी चिकटवायचा कागद १०० ते १२० चा बरा, कार्डाचा मूळ कागद २२० ते २५० चा, अल्बमचं पान २५० चं. ३०० च्या वरचा कागद घडीवर फुटतो.

वजनापेक्षाही महत्त्वाची आहे दिशा. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. विणकरांच्या शहरात हे समजावणं सोपं आहे : कापडाला जसा ताणा, तशी कागदाला ही दिशा. तिच्या समांतर घडी सुबक पडते, आडवी घातली तर घडीची कड खरबरीत होते. ओल लागली की कागद या दिशेला आडवा फुगतो, लांबीत फारसा नाही. म्हणूनच गोंद लावलेला कागद एकाच बाजूने गुंडाळला जातो.

दिशा ओळखायला कागद न दुमडता हाताने आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या समांतर तंतू आहेत. खात्री नसेल तर त्याच कागदाचा बोटभर चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळेल, ती तंतूंची दिशा. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असल्याने ही काळजी फारशी करावी लागत नाही. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने एक बाण काढून ठेवा. पुढचं निम्मं काम त्या बाणावर चालतं.

खळीचा नक्षीकागद घरी करा

विकतचा कागद आणता येतोच. पण खळीचा रंगीत कागद करून बघा, कारण हव्या त्या रंगाचा, हव्या तेवढ्या मापाचा आणि कुणाकडेही नसलेला कागद यातूनच मिळतो. युरोपातल्या जुन्या पुस्तकबांधणीत पुठ्ठ्यावर असा कागद चढवत असत. आपल्याला तर खळ नवी नाही. सुताला खळ देणारी घरं इथे कमी नव्हती.

अर्धी वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न होता कालवा. एकूण पाणी तीन वाट्या. उरलेलं पाणी उकळायला ठेवा, त्यात कालवलेला मैदा धारेने सोडा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत पांढरट रंग जाऊन ती काचेसारखी चमकू लागते आणि चमच्याला धरून बसते. तेव्हा उतरवा आणि मऊ कापडातून गाळून गार होऊ द्या. पुस्तकबांधणीत कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं. मुलं हात घालणार असतील तिथे ते नकोच, शिवाय आपली खळ दोन दिवसांत वापरून संपते.

गार खळीच्या दोन चमच्यांना एक चमचा ॲक्रिलिक रंग. पोस्टर रंग चालतो, पण वाळल्यावर घामट हाताला लागतो, म्हणून कार्डासाठी ॲक्रिलिकच. नाताळसाठी मला गडद निळ्यावर सोनेरी आवडतो. ती बेथलेहेमची रात्र वाटते. लाल-हिरवा नेहमीचा आहेच. इरकली लुगड्याच्या काठासारखा गर्द मरून आणि सोनेरी हाही सुंदर जमतो.

११० ते १२० जीएसएमचा चित्रकलेचा कागद घ्या, स्पंजने दोन्ही बाजूंनी ओलसर करा आणि ओट्यावर पसरलेल्या प्लास्टिकवर हवेचे फुगे काढून घोटून बसवा. आता रुंद ब्रशने रंगीत खळ लावा. थर इतका हवा की त्यात बोट ओढलं तर खालचा कागद दिसावा. जाड पुठ्ठ्याला कात्रीने दाते पाडून कंगवा करा. दाते एका मापाचे नसले तरच नक्षी जिवंत होते. कंगवा सरळ ओढला की रेघा, हात हलवत ओढला की लाटा, आधी उभा आणि मग आडवा ओढला की चौकडा. आवडलं नाही तर ब्रश पुन्हा फिरवून पुसा आणि नव्याने ओढा. खळ ओली आहे तोवर, म्हणजे साधारण पाच मिनिटं, ही मुभा असते. पंखा बंद ठेवा. डिसेंबरमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली थर दोन मिनिटांत धरतो.

दोन रंग हवे असतील तर आधी सोनेरी थर नक्षी न करता पूर्ण वाळू द्या, मग त्यावर निळी खळ लावून कंगवा ओढा. रेघांतून सोनं वर येतं. वाळताना कागद वळतोच, त्याला घाबरू नका. पुरता वाळला की दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. सकाळी सपाट मिळेल. एका अल्बमला आणि वीसेक कार्डांना ए-थ्री मापाचे आठ-दहा कागद पुरतात.

कार्ड

पहिलं व्यापारी नाताळकार्ड लंडनमध्ये १८४३ साली निघालं. हेन्री कोल यांनी ते जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं आणि एका शिलिंगला विकलं. इंग्लंडात त्याच्या तीनच वर्षं आधी एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली होती, त्यामुळे कार्ड आणि टपाल यांची जोडी पहिल्यापासूनची. आपणही माप ठरवताना टपालापासूनच सुरुवात करू.

साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ए-फोर कागद एक चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे २५० जीएसएमचा अख्खा ए-फोर एकटाच साडेपंधरा ग्रॅमच्या वर जातो. तो दुमडून केलेलं मोठं कार्ड पाकिटासह वीस ओलांडणारच. त्याऐवजी ए-फोर आडवा मधोमध कापा, दोन ए-फाइव्ह तुकडे मिळतील, आणि प्रत्येक दुमडून १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड करा. वजन आठ ग्रॅमच्या आत. पाकीट, आतला लिहायचा कागद आणि नक्षीचा तुकडा धरून सगळं सतराच्या आसपास बसतं.

या मापाचा दुसरा फायदा दिशेचा. ए-फोर बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने तंतू असलेला येतो. तो आडवा कापून दुमडला की घडी आपोआप तंतूंच्या समांतर येते. अख्खा ए-फोर दुमडला असता तर ती आडवी आली असती.

घडी घालण्याआधी लोखंडी पट्टीला टेकवून रिकामी रिफिल दाबून ओढा. रेघ कार्डाच्या बाहेरच्या अंगाने ओढायची आणि घडी तिच्यापासून उलट, आतल्या बाजूला घालायची. उंचवटा आत राहतो आणि बाहेरची कड फाटत नाही. मग घडीवर कोरा कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. थेट कार्डावर घोटलं तर चकाकी उठते. कटरने कापताना खाली जाड पुठ्ठा ठेवा, काच किंवा फरशी नको, पातं लगेच बोथट होतं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात सुटतो. कटर मोठ्यांच्या हातात. मुलांना खळ, कंगवा आणि चिकटवणं यात भरपूर काम आहे.

नक्षीचा तुकडा ९५ × १३८ मिलिमीटरचा कापा, चारी बाजूंना पाच मिलिमीटरची कड सुटेल. तुकड्यावरच्या बाणाची दिशा आणि कार्डाची दिशा एकच ठेवा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद तुकड्याच्या मागे, मधून कडेकडे, कोरड्या ब्रशने पातळ पसरा. गोंदात पाणी घालायचा मोह होतो. तेच सुरकुत्यांचं मुख्य कारण. चिकटवल्यावर कोऱ्या कागदात ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा.

आता चित्र. मला सर्वांत जास्त समाधान देणारं कार्ड ताऱ्याच्या खिडकीचं. पातळ कागदाचा हाताच्या बोटभर चौकोन दोनदा मधोमध दुमडा, मग मध्यबिंदू टोकाला येईल असा कर्णावर एकदा. टोकाला मिळणाऱ्या सरळ घडीच्या कडेवर टोकापासून लांब, तर कर्णाच्या कडेवर टोकाजवळ, अशा दोन बिंदूंमध्ये एकच तिरका काप द्या. उघडलं की चार टोकांचा तारा. खालचं टोक हाताने जास्त लांब काढलं की तो मागींना, म्हणजे बाळ येशूला भेटायला निघालेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, वाट दाखवणारा तारा होतो. हा नमुना पुढच्या पानाच्या आतल्या बाजूला ठेवून आखा आणि कटरने कापा. प्रत्येक रेघ टोकापासून सुरू करून आतल्या कोनाकडे न्या. टोकाच्या पुढे काप जात नाही. मागून पिवळ्या पतंगाच्या कागदाचा, ताऱ्यापेक्षा सगळीकडून पाच मिलिमीटर मोठा तुकडा चिकटवा. कार्ड अर्धवट उघडून खिडकीत उभं केलं की घरावर टांगलेल्या नाताळच्या ताऱ्यासारखा उजेड येतो.

जकार्डच्या पत्त्याचं आकाश याहून सोपं. पत्त्याचा भोकांचा तुकडा कापा, मागे सोनेरी कागद चिकटवा आणि नक्षीच्या तुकड्यावर वरच्या बाजूला लावा. चांदण्या तयार. खाली गडद कागदातून कापलेली गव्हाणीची छाया, बस्स. मेंढपाळांचं चित्र हवं असेल तर त्यांच्या खांद्यावर घोंगडी द्या. सांगोल्या-मंगळवेढ्याकडचे धनगर रोज पाहणाऱ्या मुलाला तो मेंढपाळ लगेच ओळखीचा वाटतो. घोंगडीसाठी काळा-करडा कागद कात्रीने न कापता हाताने फाडा, लोकरीची कड दिसते. उंच मणी आणि जाड टिकल्या टाळा, टपालाच्या थप्पीत त्या मोडतात आणि शेजारच्या पत्राला खळगे पाडतात.

मजकुरासाठी १०० जीएसएमचा पांढरा कागद २०४ × १४२ मिलिमीटरचा कापा, दुमडा आणि आत फक्त घडीलगत मागच्या बाजूला गोंदाची बारीक रेघ देऊन बसवा. अख्खा चिकटवला तर कार्ड वळतं. ताऱ्याची खिडकी असेल तर या कागदाच्या पुढच्या पानाची घडीलगतची बारीक पट्टीच ठेवून बाकी कापून टाका, म्हणजे उजेड अडत नाही. शुभेच्छा आपल्या शब्दांत लिहा. 'ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा' आहेच. शेजारी तेलुगू घर असेल तर 'क्रिस्मस शुभाकांक्षलु', कन्नड घर असेल तर 'क्रिसमस हब्बद शुभाशयगळु'. ज्याची भाषा त्याच्या कार्डावर दिसली की तो ते जपून ठेवतो. खाली साल लिहायला विसरू नका.

पाकीट

ए-फोरमधून २१० मिलिमीटरचा चौकोन कापा. त्यावर कार्ड तिरपं, मधोमध ठेवा, म्हणजे चौकोनाचे चार कोपरे कार्डाच्या चार बाजूंना येतील. कार्डाभोवती तीन मिलिमीटर जागा सोडून आखा. चारही कोनांपाशी उरलेले छोटे त्रिकोण कापून टाका, डावी-उजवी पाकळी आत घ्या, खालची पाकळी वर घेऊन तिच्या दोन तिरप्या कडांना गोंद. वरची पाकळी नक्षीकागदाच्या लहान गोलाने बंद करा. पत्त्याची बाजू कोरीच ठेवा.

अल्बम

अल्बमचं सगळं शहाणपण त्याच्या कण्यात आहे. बारा कोरी पानं शिवली तर कणा आणि उघडी बाजू सारख्याच जाडीच्या असतात. पानांवर फोटो चिकटले की उघडी बाजू जाड होते आणि कण्यावर ताण येतो. म्हणून दर दोन पानांच्या मध्ये कण्याकडे पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या घालून फोटोंची जाडी आधीच भरून ठेवायची. बाजारातल्या सुंदर हातबांधणीच्या वह्या अल्बम म्हणून फसतात त्या या पट्ट्या नसल्यामुळे.

कार्डशीटचा पूर्ण ताव २२ × २८ इंचांचा येतो. २८ ची बाजू तिघांत आणि २२ ची दोघांत विभागली की सहा पानं मिळतात. दोन तावांत बारा. प्रत्येक पान कडा साफ करून ११ × ९¼ इंच करा. तंतू २८ च्या बाजूने असतील तर कणा ९¼ च्या कडेला येईल आणि आडवा अल्बम होईल. २२ च्या बाजूने असतील तर कणा ११ च्या कडेला घ्या आणि उभा अल्बम करा. पुढची मापं आडव्या अल्बमची आहेत. रंग काळा किंवा दुधी. काळ्यावर जुने कृष्णधवल फोटो उठतात, दुधीवर रंगीत.

तिसऱ्या तावातून १¼ × ९¼ इंचाच्या बावीस पट्ट्या कापा. दोन पानांमध्ये दोन-दोन. पानाच्या एकाच बाजूला फोटो लावणार असाल तर एक-एक पुरेल. प्रत्येक पानावर कण्यापासून दीड इंचावर रिफिलने रेघ ओढून पान तिथे एकदा पुढे-मागे वाकवा, अल्बम उघडल्यावर पान सपाट पडेल.

कव्हरला दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा. प्रत्येक बाजूला दोन तुकडे : कण्याची पट्टी १¼ × ९½ इंच आणि मुख्य फळी ९¾ × ९½ इंच. दोघांत पाव इंचाची फट. ही फट म्हणजे बिजागरी, ती अरुंद झाली तर कव्हर उघडत नाही.

बिजागरीवर कागद टिकत नाही, दहा-वीस वेळा उघडला की तडकतो. तिथे कापड हवं. सोलापुरी चादर मनात येते, पण ती यासाठी फार जाड; जुन्या सुती साडीचा तुकडा, खण किंवा पातळ सुती कापड घ्या. कापडातून गोंद वर येऊन डाग पडतो, म्हणून आधी कापडाच्या मागे पातळ कागद खळीने चिकटवून वाळवून घ्या. १२¾ × ११ इंचाचा तुकडा कापा, फळी आणि पट्टी फटीसकट त्यावर बसवा, चारी बाजूंना पाऊण इंच सुटेल. कोपरे तिरपे कापताना फळीच्या टोकापासून तीन मिलिमीटर कापड सोडा, नाही तर पुठ्ठा उघडा पडतो. कडा आत वळवा, फटीत कापड बोटाने दाबा. मग मुख्य फळीवर बाहेरून खळीचा नक्षीकागद, कडेने अर्धा इंच कापड दिसेल असा.

आतून अस्तर लावायलाच हवं. ११ × ९¼ इंचाचा नक्षीकागद, बाहेरच्या कागदाच्याच दिशेचा. बाहेरचा थर वाळताना फळीला आपल्याकडे ओढतो, आतला थर तितकंच उलट ओढतो, आणि फळी सरळ राहते. अस्तर ए-थ्री कागदातून सहज निघतं. दोन्ही कव्हरं कोऱ्या कागदांत ठेवून जड पाट आणि डब्यांखाली दोन दिवस दाबून ठेवा. कोरडी हवा कामाला घाई करते. वजन लवकर काढलं तर फळी वळते.

शिवणं

सगळं क्रमाने रचा : कव्हर, पान, दोन पट्ट्या, पान, आणि शेवटी कव्हर. कण्याच्या कडा एका रेषेत ठोकून घ्या, पुठ्ठ्याचे तुकडे मध्ये ठेवून चिमट्यांनी आवळा. कण्यापासून पाच अष्टमांश इंचावर, वरून १, ३½, ६ आणि ८½ इंचावर चार खुणा. घरात ड्रिल असेल तर दोन मिलिमीटरचं बिट सरळ धरून एकदम आरपार. नसेल तर पानं थोडी-थोडी घेऊन दाभणाने टोचा, कव्हरची भोकं मात्र बाइंडरकडून पाडून घ्या.

सुती जाड दोरा साठ इंच, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला, बोथट सुई. वरचं भोक पहिलं धरा. पानांच्या मधून सुई दुसऱ्या भोकात घालून पुढच्या बाजूला काढा, तीन इंच शेपूट आत राहू द्या. कण्यावरून मागे वळसा आणि त्याच भोकातून पुन्हा पुढे. पुढून तिसऱ्या भोकात खाली, कण्याला वळसा, पुन्हा तिसऱ्यातून खाली. मागून चौथ्यात वर, कण्याला वळसा, पुन्हा वर, मग खालच्या कडेला वळसा आणि आणखी एकदा वर. आता परतीचा प्रवास : पुढून तिसऱ्यात खाली, मागून दुसऱ्यात वर, पुढून पहिल्यात खाली, कण्याला वळसा, खाली, वरच्या कडेला वळसा, खाली. शेवटी मागून दुसऱ्या भोकात शिरून पानांमध्ये शेपटाजवळ निघा, दोन गाठी मारा आणि दोन्ही टोकं पट्ट्यांमध्ये दडवा. प्रत्येक टाक्याला दोरा ताणा, पण कण्याच्या रेषेत. वर ओढला तर कागद चिरतो.

पाने वाढवायची शक्यता असेल, म्हणजे घरात लहान मूल असेल, तर चारऐवजी दोनच भोकं पाडून जाड रेशमी दोरी किंवा गोफ ओवून बांधा. पुढच्या नाताळला सोडून नवी पानं आणि पट्ट्या घालता येतात.

फोटो लावणं

फोटो चिकटवू नका. सेलोटेप पिवळा पडून डाग सोडतो, दाट गोंद फोटोला मागून वळवतो, आणि चिकट पानांच्या तयार अल्बममधून जुना फोटो सोडवताना तो फाटतो हे अनेक घरांत दिसतं. त्याऐवजी कागदाचे कोपरे करा : पाऊण × दीड इंचाची पट्टी, तिचे वरचे दोन्ही कोन खालच्या कडेच्या मध्याशी आणून दुमडा. गुळगुळीत बाजू वर ठेवून फोटोच्या चारही कोपऱ्यांत हे त्रिकोण घाला, मग त्रिकोणांच्या मागे टिपूस गोंद लावून पानावर बसवा. फोटो केव्हाही काढता येतो. अल्बमच्या आत खळ नको, पांढरा गोंदच. पिठाच्या वासाने कसर येते.

४ × ६ इंचाचे दोन उभे फोटो एका पानावर शेजारी-शेजारी मोकळेपणाने बसतात. नक्षीकागदाचा मोह इथे आवरा. पानाच्या एका कडेला अर्ध्या इंचाची पट्टी किंवा फोटोमागे पाव इंच दिसणारी चौकट इतकंच. पानभर नक्षी लावली की डोळा चेहऱ्यांवर ठरत नाही. नावं, नातं, गाव आणि साल पानावर लिहा, फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, न दाबता. पणजोबांचा एकुलता एक फोटो असेल तर त्याची प्रत काढून अल्बममध्ये लावा आणि मूळ फोटो कोऱ्या कागदाच्या पाकिटात वेगळा ठेवा.

पहिल्या कव्हरच्या आत अस्तराच्या कागदाचाच, तीन बाजूंनी चिकटवलेला खिसा करा. यंदा आलेली कार्डं त्यात ठेवायची.

अल्बम आडवाच ठेवावा. उभा ठेवला की पानांचा भार टाक्यांवर येतो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हाने तापणाऱ्या भिंतीच्या कपाटात नको, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि तिथे गोंद सुटतो, फोटो वळतात. खालच्या खणात, सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पानं वाऱ्यावर धरा.